जनुकाच्या पोटातली कळ

गडचिरोली, गोंदिया, नंदुरबार, मेळघाट या भागांतील वाचकांना 'सिकलसेल' हा शब्द नवा नाही. शाळेत आरोग्य पथक येते, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला जातो, आणि पुढे कोणी या आजाराचा नुसता वाहक असल्याचे, तर कोणाला प्रत्यक्ष आजारच असल्याचे कळते. हा आजार ज्यांना असतो त्यांच्या रक्तातील गोल, लवचीक तांबड्या पेशी विळ्याप्रमाणे वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात, आणि मग हातापायांत, पाठीत, पोटात असह्य कळा येतात.

या आजारात एक कोडे दडलेले आहे. तो आनुवंशिक आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर तो होतो. म्हणजे हा दोष बाळाच्या पेशीपेशीत अगदी पहिल्या दिवसापासून असतो. असे असूनही जन्मलेले बाळ चांगले असते. चार-सहा महिने ते हसते, खेळते, बाळसे धरते. त्रास सुरू होतो तो त्यानंतर. मग इतके दिवस हा दोष गप्प का बसला होता?

१९४८ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी याचे उत्तर सुचविले. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तातील हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनात दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार प्रथिनसाखळ्या असतात. गर्भाच्या हिमोग्लोबिनात बीटाच्या जागी गॅमा साखळ्या असतात (भौतिकशास्त्रातल्या गॅमा किरणांशी यांचा काही संबंध नाही!). सिकलसेलचा दोष आहे तो बीटा साखळीच्या जनुकात, आणि तोही केवळ एका अक्षराचा. त्यामुळे साखळीतील सहावा दुवा बदलतो आणि ही हिमोग्लोबिने एकमेकांना चिकटून त्यांच्या लांबलचक काठ्या बनतात. गॅमा साखळीला हा दोष माहीतच नाही. जन्मानंतर हळूहळू गॅमाचे उत्पादन बंद पडते, बीटाचे वाढते, आणि तेव्हा कुठे आजार आपले रूप दाखवितो.

आता खरी गंमत पुढेच आहे. गॅमाचे जनुक आपल्यातून नाहीसे होत नाही. तुमच्या-माझ्या शरीरात ते आजही शाबूत आहे. फक्त बंद आहे. रुग्णाच्या शरीरात ते पुन्हा चालू करता आले, तर? काही थोड्या माणसांत ते जन्मभर आपोआप चालू राहते आणि त्यांचे काहीही बिघडत नाही. सिकलसेलचा दोष असूनही अशा माणसांना आजाराचा त्रास जवळजवळ होत नाही. तेव्हा ते बंद करणारी कळ कोठे आहे, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. ती कळ अखेर सापडली. पण अशा जागी सापडली, की जी जागा पूर्वी पुष्कळांनी अडगळ म्हणून सोडून दिली होती. त्या जागेचे नाव इंट्रॉन. हे नाव आपण पुढे समजून घेऊच.

संहिता आणि नक्कल

जुन्या नाटक मंडळ्यांत एक पद्धत होती. नाटकाची संपूर्ण संहिता एकच असे आणि ती मंडळीच्या ताब्यात राही. नटाला मिळे ती 'नक्कल', म्हणजे त्याच्या भाषणांपुरता उतरवून दिलेला मजकूर. पेशीतही असेच चालते. पेशीच्या केंद्रकात डीएनएची संहिता असते. ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेली ही संहिता माणसात सुमारे ३ अब्ज अक्षरांची आहे, आणि तीत प्रथिने बनविण्याची माहिती असलेली जनुके सुमारे २० हजार. संहिता केंद्रकाबाहेर जात नाही. एखादे प्रथिन हवे असले, की त्याच्या जनुकाची आरएनएच्या रूपात नक्कल उतरविली जाते आणि ती नक्कल बाहेर जाते. तिच्यावरून प्रथिन तयार होते.

नक्कल उतरविण्याच्या या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात, आणि उतरविणाऱ्या लेखनिकाचे नाव आरएनए पॉलिमरेज. हे एक विकर आहे. ते जनुकाच्या तोंडाशी डीएनएवर बसते आणि एकेक अक्षर वाचीत पुढे सरकते.

डोळ्याची पेशी घ्या, की यकृताची. संहिता दोन्हींत तीच. तरी डोळ्याच्या पेशीत पित्त तयार होत नाही आणि यकृताला दिसत नाही. कारण कोणत्या जनुकाची नक्कल उतरवायची, केव्हा उतरवायची आणि किती प्रती काढायच्या, हे पेशीपेशीत वेगळे ठरते. पेशीचे सारे व्यक्तिमत्त्व या हिशेबावर अवलंबून आहे असे म्हटले तरी चालेल.

१९७७ पर्यंत सर्वांची अशी समजूत होती, की जनुक म्हणजे एक सलग मजकूर. त्या वर्षी अमेरिकेत फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी सर्दी-पडशासारखे आजार आणणाऱ्या अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूचा अभ्यास करताना त्याच्या आरएनएची आणि डीएनएची जुळणी करून पाहिली. नक्कल मूळ मजकुरावर ठेवून ताडून पाहावी, तसेच हे. दोन्ही धागे अक्षराला अक्षर जुळून एकमेकांना चिकटायला हवेत. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसले? डीएनएचा धागा काही ठिकाणी जुळला होता आणि मधेमधे त्याचे मोठे फास सुटून बाहेर आले होते! मुळात असलेले मजकुराचे लांबच लांब तुकडे नकलेत नव्हतेच. पुढे प्राण्यांच्या आणि माणसाच्या जनुकांतही हाच प्रकार आढळला. शार्प आणि रॉबर्ट्स यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते यासाठी.

लेखनिक सगळा मजकूर इमानदारीने उतरवितो. मग कच्च्या नकलेतील नको असलेले तुकडे कापून टाकले जातात आणि उरलेले तुकडे सांधून पक्की नक्कल तयार होते. कापून टाकल्या जाणाऱ्या भागाला इंट्रॉन आणि राहणाऱ्या भागाला एक्सॉन ही नावे १९७८ साली वॉल्टर गिल्बर्ट यांनी दिली. हे गिल्बर्ट मूळचे भौतिकशास्त्राचे अध्यापक. जीवशास्त्रात ते नंतर आले आणि नोबेल मिळविले ते रसायनशास्त्राचे. शास्त्रांच्या भिंती आपण पाठ्यपुस्तकांत घालतो, एवढेच.

या कापाकापीचे प्रमाण पाहून माणूस थक्क होतो. आपल्या एकूण डीएनएपैकी प्रथिनांचा मजकूर जेमतेम दीड टक्का, तर इंट्रॉन एक चतुर्थांशाच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक. दाणे मूठभर आणि भुसा पोतेभर! साहजिकच अनेकांना वाटले, की ही उत्क्रांतीच्या ओघात साचलेली अडगळ असावी.

कापले ते काय, आणि राहिले ते काय?

येथे एक चूक हमखास होते आणि ती टाळली पाहिजे. इंट्रॉन कापून टाकतात असे आपण म्हणतो, तेव्हा कात्री लागते ती नकलेला. संहितेला नव्हे. डीएनएत इंट्रॉन जेथल्या तेथेच असतो. नाटकाच्या संहितेत भाषणांच्या मधे कंसात सूचना असतात: 'पडदा वर जातो', 'दिवे मंद होतात'. नटाने या सूचना म्हणायच्या नसतात. त्याच्या नकलेत त्या नसल्या तरी बिघडत नाही. पण म्हणून त्या निरुपयोगी का? पडदा ओढणारा आणि दिवे सांभाळणारा त्यांच्यावरच चालतो. इंट्रॉनमधील काही मजकूर असाच आहे. तो प्रथिनाच्या उपयोगाचा नाही. लेखनिकाने केव्हा आणि किती लिहावे, हे ठरविणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे.

उपमेची ओढाताण करू नये म्हणून हेही सांगतो, की इंट्रॉनमधील सगळाच मजकूर सूचनांचा नाही. बराचसा असा आहे, की त्यातले एखादे अक्षर बदलले तरी पेशीला पत्ता लागत नाही. सूचना मोजक्याच असतात आणि त्या भल्या मोठ्या मजकुरात विखुरलेल्या असतात. म्हणूनच त्या शोधणे कठीण.

अशा सूचनेचे पहिल्यापहिल्या उदाहरणांपैकी एक १९८३ साली हाती आले. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे आपल्या रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी तयार करतात. प्रतिपिंडाच्या एका जनुकातील इंट्रॉनमध्ये डीएनएचा एक छोटा तुकडा सापडला. तो काढून टाकला, तर प्रतिलेखन एकदम मंदावते. तो उचलून दुसरीकडे ठेवला, इतकेच काय, उलटा करून बसविला, तरी त्याचे काम चालू! मात्र हे सारे त्या पांढऱ्या पेशींतच. इतर पेशींत त्याचा प्रभाव जवळजवळ पडत नाही. अशा तुकड्याला वर्धक म्हणतात. वर्धकाची अक्षरे ओळखून त्यांच्यावर बसणारी ठराविक प्रथिने असतात; ती ज्या पेशीत असतील, त्या पेशीतच ही कळ दाबली जाते.

तुम्ही विचाराल, कळ जनुकाच्या पोटात आणि लेखनिक जनुकाच्या तोंडाशी, मग दोघांची गाठ पडते कशी? थोडा हिशेब करू. डीएनएमध्ये लागोपाठच्या दोन अक्षरांतील अंतर ०.३४ नॅनोमीटर असते. कळ तोंडापासून ५८ हजार अक्षरे दूर असेल (हा आकडा मी मुद्दाम घेतला आहे, तो पुढे परत येणार आहे), तर धागा सरळ ताणला असता हे अंतर सुमारे २० हजार नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग भरते. केंद्रकाचा व्यास सामान्यतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. म्हणजे एवढा धागासुद्धा केंद्रकात सरळ मावणारच नाही! तो वळणे आणि वेटोळी घेतच राहतो, आणि धाग्यावर दूर असलेली दोन ठिकाणे अवकाशात एकमेकांजवळ येतात. शालूची घडी घातली, की दोन टोकांचे पदर एकमेकांना टेकतात, तसे. वर्धकावर बसलेली प्रथिने अशी जनुकाच्या तोंडाजवळ येऊन पोहोचतात आणि लेखनिकाला कामाला लावतात.

कधी कधी तर एका जनुकाची कळ शेजारच्या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये असते. दूध पचविणाऱ्या लॅक्टेज या विकराचे जनुक बहुतेक मानवजातीत बालपणानंतर मंदावते. त्याची कळ सुमारे १४ हजार अक्षरे दूर, शेजाऱ्याच्या इंट्रॉनमध्ये आहे. तेथे सी या अक्षराच्या जागी टी आले, की हे जनुक मोठेपणीही चालू राहते. हा बदल २००२ साली फिनलंडमधील कुटुंबांत प्रथम ओळखला गेला. भारतातही तोच बदल आढळतो, वायव्येकडे अधिक आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी. आजोबा रोज पेलाभर दूध पितात आणि शेजारच्या काकांना ते सोसत नाही, यामागे असे एखादे अक्षर असू शकते.

इंट्रॉनचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला स्वतःला फार आवडतो, कारण त्यात मजकुराला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते निव्वळ लांबीला. स्नायूंतील डिस्ट्रोफिन या प्रथिनाचे जनुक सुमारे २३ लाख अक्षरांचे आहे. पक्की नक्कल मात्र फक्त १४ हजार अक्षरांची. बाकी सारे इंट्रॉन. या जनुकाची एक नक्कल उतरायला सुमारे १६ तास लागतात, असे १९९५ साली दिसून आले. भागाकार करून पाहा: सेकंदाला ४० अक्षरे. म्हणजे इंट्रॉनची लांबी हे पेशीतले एक घड्याळच झाले. या विलंबाचा उपयोग काय, हे जपानमधील क्योटो येथील शास्त्रज्ञांनी २०११ साली उंदरांत दाखविले. गर्भात पाठीचे मणके ज्या खंडांपासून बनतात, ते एकामागून एक ठराविक ठेक्यात तयार होतात. हा ठेका धरणारे हेस-७ नावाचे जनुक आपल्याच प्रथिनाने बंद होते, प्रथिन संपले की पुन्हा सुरू होते. गीझरचे पाणी नळापर्यंत यायला वेळ लागला, की आपण नळ कधी जास्त सोडतो, कधी कमी, आणि पाणी कधी कढत, कधी गार येत राहते. येथील आंदोलने साधारण त्याच जातीची. या जनुकातून इंट्रॉन काढून टाकले तेव्हा विलंब सुमारे १९ मिनिटांनी घटला, ठेका बंद पडला, आणि पिलांचे मणके व बरगड्या एकमेकांत मिसळून गेल्या. माणसातही या जनुकात दोष असला, तर मणक्यांत व्यंग येते.

असो. आपण सिकलसेलच्या कळेकडे परत जाऊ.

बंद करणाऱ्यालाच बंद करणे

मोठेपणी काहींच्या रक्तात गर्भकाळचे हिमोग्लोबिन इतरांपेक्षा थोडे जास्त असते. असे का, याचा शोध घेण्यासाठी अनेक लोकांचे डीएनए ताडून पाहिले गेले. २००७ आणि २००८ या वर्षांत या शोधांचे बोट दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एका जनुकाकडे वळले. त्याचे नाव बीसीएल-११-ए. २००८ साली बोस्टनमधील स्टुअर्ट ऑर्किन, विजय शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की या जनुकापासून बनणारे प्रथिनच गॅमाचे जनुक बंद ठेवते. चोर सापडला!

मग या चोराला कायमचा कोंडून टाकला, म्हणजे जनुकच मोडून टाकले, तर? तसे करता येत नाही, कारण हा चोर इतर ठिकाणी सज्जन माणूस आहे. मेंदूच्या वाढीला तो लागतो, प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींना लागतो, रक्ताच्या मूळ पेशींनाही लागतो. सबंध जनुक मोडले, तर एक दुखणे घालविताना दुसरे ओढवून घ्यायचे. येथे बरेच दिवस वाट अडली होती.

ती मोकळी झाली २०१३ साली. लोकांमध्ये आढळणारे अक्षरांचे फरक जनुकात नेमके कोठे आहेत, हे ऑर्किन यांच्या गटातील डॅनियल बाउअर आणि इतरांनी बारकाईने पाहिले. ते एक्सॉनमध्ये नव्हतेच. ते होते दुसऱ्या इंट्रॉनमध्ये. तेथे एक वर्धक होता, आणि तो फक्त तांबड्या पेशी जेथे तयार होतात त्या पेशींतच काम करीत होता. याचा अर्थ लक्षात घ्या. बीसीएल-११-ए हे जनुक मेंदूत चालू करणाऱ्या कळा वेगळ्या, आणि तांबड्या पेशींच्या कारखान्यात चालू करणारी कळ वेगळी. ही दुसरी कळ तेवढी निकामी केली, तर मेंदूला कळणारही नाही आणि रक्तात मात्र गॅमावरचा पहारा उठेल. प्रथिनाचा मजकूर तसाच्या तसा राहील. त्याच्या नकला कमी निघतील, त्याही एकाच जातीच्या पेशींत.

या वर्धकाचा सर्वांत महत्त्वाचा भाग जनुकाच्या सुरुवातीपासून सुमारे ५८ हजार अक्षरांवर आहे. वरच्या हिशेबातला आकडा तो हाच. तेथे गाटा-१ या प्रथिनाची बसण्याची जागा आहे. क्रिस्पर नावाच्या रेणवीय कात्रीने, जिच्यासाठी एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे नोबेल मिळाले, नेमक्या त्या जागी डीएनए कापता येतो. पेशी कापलेली टोके जोडून घेते, पण जोडताना सहसा काही अक्षरे गळतात किंवा नवी घुसतात. तेवढे पुरते. गाटा-१ ला बसायला पाट उरत नाही, आणि कळ दाबली जात नाही. (येथे मात्र कात्री लागते ती संहितेलाच, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल.)

रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया करतात आणि त्या परत त्याच्या शरीरात सोडतात. कॅसजेव्ही या नावाच्या या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. चाचणीतील ज्या ३१ सिकलसेल रुग्णांचे निष्कर्ष तेव्हा अमेरिकेत तपासले गेले, त्यांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने तीव्र वेदनांचा एकही झटका आला नव्हता. ज्यांना वर्षातून कित्येकदा रुग्णालयात दाखल व्हावे लागे, अशी ही माणसे होती.

पण हा मार्ग सोपा नाही. नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून जुनी अस्थिमज्जा कडक औषधांनी रिकामी करावी लागते, आणि त्या काळात साध्या जंतुसंसर्गाचेही भय असते. रुग्णालयात कित्येक आठवडे काढावे लागतात. आणि किंमत? अमेरिकेत ती २२ लाख डॉलर ठरली, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. हीच काटछाट रुग्णाच्या शरीरात साध्या सुईवाटे करता येईल काय, यासाठी शास्त्रज्ञ धडपडत आहेत.

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा मुख्य भर तपासणीवर आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि ही गोष्ट आधी कळलेली बरी. ज्यांना आजार आहे, त्यांना आपल्याकडे बहुधा हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात. ते फार जुने आणि तुलनेने पुष्कळच स्वस्त आहे. इंट्रॉनमधील कळेला ते हात लावीत नाही. पण रोज घेत राहिले, तर त्यानेही रक्तातले गर्भकाळचे हिमोग्लोबिन वाढते आणि कळा कमी येतात.